मांडवातले गाणे आणि पडद्यावरचे लग्न

जळगाव-धुळ्याकडील आपल्या लग्नांत ‘झिंगाट’ वाजले की मुले बेभान होऊन नाचतात. नाचास माझी हरकत नाही. परंतु ज्या ‘सैराट’मधील (२०१६) हे गाणे, त्याच्या शेवटी जातीबाहेर लग्न केलेल्या त्या दोघांचा खून होतो, याचे स्मरण मांडवात कोणास असते? हिंदी ‘धडक’ने (२०१८) तर जातीचा प्रश्न जवळजवळ पुसूनच टाकला, तो मला मुळीच रुचला नाही.

नीरज घायवान यांनी दिग्दर्शित केलेला ‘मेड इन हेवन’ मालिकेतील (२०२३) भाग मात्र आपण अवश्य पाहावा. वराकडून आढेवेढे घेतले जात असताही त्यातील दलित वधू बौद्ध विवाहविधीचा आग्रह सोडीत नाही. तिची श्रीमंती आपणांस परकी वाटेल. पण जुना विधी गुपचूप आधी उरकून मग बुद्धवंदना घेणारी घरे आपल्यातही आहेतच ना?