पत्र्याच्या पोटातला गंज

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. ऱ्हस्वदीर्घ संपादकांच्या भरवशावर! पण हा लेख मराठीतच लिहायला हवा होता, कारण सगळी सुरुवात एका मराठी वाक्याने झाली : "ताई, पत्रा सडलाय."

झालं असं, गेल्या गणपतीत रत्नागिरीला घरी गेले होते. आमची गाडी चौदा वर्षांची, बाबांचा जीव की प्राण. दर रविवारी पॉलिश ठरलेलं. टायर पंक्चर झाला म्हणून मी (मेकॅनिकलची ना!) ऐटीत जॅक लावला. गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच आत गेला. दाराखालची पोकळ पट्टी पापडासारखी मोडली आणि मूठभर लाल भुगा खाली पडला. वरून रंग मात्र चकाचक! बाजूने धडक बसली तर माणसाला वाचवणाऱ्या पत्र्यांपैकी तो एक. आणि याच गाडीने आई रोज शाळेत शिकवायला जाते.

गंमत म्हणजे दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजवाल्याने पैसे घेऊन खालून 'अँटी-रस्ट' मारून दिलं होतं. म्हणजे काय, तर चिखल नीट न धुता, न वाळवता वरून काळा डांबरासारखा थर. त्यात पाणी जायची भोकंही बुजली. माझं स्पष्ट मत आहे, असं कोटिंग करण्यापेक्षा न केलेलं बरं. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दारात शिरतंच, ते खालच्या भोकांतून निघून जावं अशी मुळात योजना असते. भोक बुजलं की दाराचा हौद!

फर्स्ट इयरला केमिस्ट्रीत आपण हे पाच मार्कांसाठी घोकलं होतं. लोखंडावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवला तर कडेला ऑक्सिजन जास्त पोचतो, पण धातू झिजतो तो मध्ये, जिथे ऑक्सिजन कमी. इव्हान्सचा प्रयोग. चिखलाखाली, दोन पत्र्यांच्या सांध्यात, सुटलेल्या कोटिंगखाली हेच चालतं. त्यात कोकणातली खारी हवा. शिवाय गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंगाला फुगा येतो; पण तो दिसेपर्यंत आतलं काम आटोपलेलं असतं. त्यावर लांबी भरून रंग मारणं म्हणजे किडलेल्या दातावर टूथपेस्ट!

कारखान्यात अख्खी बॉडी रंगाच्या हौदात बुडवून करंट देतात, ते उत्तमच. पण बंद पोकळीत करंट कमी पोचतो, थर पातळ बसतो. म्हणून तिथे मेणासारखं कॅव्हिटी वॅक्स लांब नळीने आत फवारतात. ते सांध्यात झिरपतं आणि मऊच राहतं, त्यामुळे तडकत नाही. आधी आतून कोरडं हवं, आणि भोकं नंतर मोकळी करायची. काहीजण जळकं ऑइल मारतात. ते रबराचे बुश खातं आणि रस्त्यावर ठिबकतं, म्हणून मला पटत नाही.

आता आपल्या स्टँडकडे वळू. अर्ध्या बाइक्स प्लास्टिकच्या कव्हरखाली, तेही ओल्या असतानाच झाकलेल्या! बाइकला ताप आलाय का, घाम काढायला? हॉस्टेल ते कँटीन एवढीच फेरी मारणाऱ्यांचा सायलेन्सर आतून सडतो, कारण धुरातली वाफ आत पाणी होऊन राहते, तापून उडायला वेळच मिळत नाही. सरांच्या गाड्यांबद्दल मी काही बोलत नाही... वायपरखालचा पिंपळाचा पाला तेवढा काढा, सर.

बाबांनी नवा पत्रा वेल्ड करून घेतला. पॉलिशपेक्षा महाग पडला, असो. पण वर्कशॉपच्या सरांना एक विनंती आहे : दिवाळीच्या सुट्टीआधी एक रविवार कॉम्प्रेसर आणि पाण्याचा पाइप आम्हाला द्या. गाड्या खालून धुऊ, हवेने वाळवू, भोकं मोकळी करू. तारेने रंग खरवडतो, म्हणून खराट्याचे हीर मी घरून आणते.