डेमॉन्स्ट्रेटरने काय सांगू नये

साध्या लंबकाचा प्रयोग विज्ञान शाखेच्या प्रत्येकाने केलेला असतो. पुष्कळांनी तो उलट्या दिशेनेही केलेला असतो. म्हणजे गुरुत्वत्वरणाची किंमत ९.८ ही आधी जर्नलात लिहायची आणि मग तिला शोभतील अशी रीडिंगे मागे मागे जात तयार करायची. हा उद्योग परीक्षेपुरता आहे, त्यात कोणाचे काय बिघडते, असे म्हणणारे प्राध्यापकही मला भेटले आहेत. काय बिघडते ते पाहायचे तर सुरतेला बमरोलीकडे यावे.

बमरोली हा पांडेसरा औद्योगिक वसाहतीच्या शेजारचा भाग. आसपास रंगाई-छपाईच्या गिरण्या. खानदेशातून कामाला आलेल्या कुटुंबांमुळे या पट्ट्यात मराठी आणि अहिराणी सहज कानी पडते. शहराचे सांडपाणी शुद्ध करून पांडेसऱ्याच्या कारखान्यांना पुरवणारा प्रकल्प सुरत महानगरपालिकेने येथेच २०१४ साली सुरू केला. क्षमता दिवसाला ४ कोटी लिटर. असे पाणी वरचेवर तपासावे लागते. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त राहिले तर रंग कापडावर सारखा चढत नाही. ही दुष्फेनता मोजण्याची रीत बी. एस्सी.च्या मुलांना पाठ असते : ब्यूरेटमधून ईडीटीए थेंबथेंब सोडायचे आणि लालसर द्रावण निळे झाले की थांबायचे. पण गिरणीच्या प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर हुशार मुलगा उभा नसतो आणि आजच्या पाण्याचे उत्तर कोणालाच आधी ठाऊक नसते. तीन वर्षे उत्तरावरून रीडिंग काढण्याची सवय लागलेला पदवीधर तेथे काय करील?

सुरत ही तर त्रिभुवनदास गज्जरांची जन्मभूमी. मुंबईत चापेकर बंधूंनी व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले, तेव्हा ते डाग काढण्याची युक्ती याच रसायनज्ञाने शोधली. राणीचा पुतळा स्वच्छ झाला याचा आनंद आपण मानावा की नाही हा प्रश्न निराळा. पण ते उत्तर काही कोणाच्या जर्नलात लिहिलेले नव्हते.

विद्यार्थ्याला खोटे रीडिंग लिहायला कोण शिकवते? बहुधा कोणी शिकवत नाही. फक्त डेमॉन्स्ट्रेटर जर्नल पाहतो, ९.८ दिसले की सही करतो, ९.६ दिसले की "पुन्हा कर" म्हणतो. एवढ्याने मुलगा जे शिकायचे ते शिकतो. हल्ली हे काम पुष्कळदा पीएच. डी. करणाऱ्यांकडे असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला ४ ते ६ तास ट्यूटोरियल किंवा प्रयोगशाळेचे काम देता येते, आणि त्याने शिकवण्याचे प्रशिक्षणही घ्यावयाचे असते. कागदावर सारे छान आहे. पुष्कळ ठिकाणी मात्र पहिल्या दिवशी त्याच्या हाती हजेरीपट आणि कपाटाच्या किल्ल्या पडतात, झाले प्रशिक्षण!

माझ्या मते त्याला पहिली गोष्ट ही सांगावी की, बॅच येण्यापूर्वी त्याच उपकरणावर प्रयोग स्वतः करून पाहा. मग चुकीचे उत्तर वाचता येऊ लागते. लंबकाचेच पाहा. सुरतेच्या अक्षांशावर गुरुत्वत्वरण सुमारे ९.७९ भरते. एक मीटर लांबीच्या लंबकाच्या २० आंदोलनांना सुमारे ४० सेकंद लागतात. घड्याळ दाबताना ०.२ सेकंद इकडेतिकडे झाले तर काळात अर्धा टक्का चूक. सूत्रात काळाचा वर्ग असल्यामुळे उत्तरात एक टक्का. म्हणजे ९.७ पासून ९.९ पर्यंतची सगळी उत्तरे प्रामाणिक आहेत, आणि ज्या बॅचमध्ये सर्वांचे ९.८ येते तिथेच काहीतरी पाणी मुरते आहे. एखाद्याचे १०.८ आले तर त्याच्यावर ओरडू नये. त्याने सुरुवातीलाच शून्याऐवजी 'एक' मोजले असणार. १९ आंदोलने २० धरली की बरोबर एवढेच उत्तर येते. साऱ्या बॅचचे उत्तर थोडे कमी येत असेल तर दोरीच्या लांबीत गोळ्याची त्रिज्या मिळवायची राहिली आहे का, ते पाहावे. हे निदान करताना जी मजा आहे ती सह्या करण्यात नाही. आणि चूक कोठे आहे हेही त्याने लगेच सांगू नये, "मोजायला कोठून सुरुवात केलीस?" एवढे विचारावे आणि पुढच्या टेबलाकडे जावे.

सुरक्षिततेबाबत मात्र असा संयम नको. आम्लात पाणी ओतणारा हात तिथल्या तिथे थांबवावा, पिपेट तोंडाने ओढू देऊ नये.

यावर उत्तर ठरलेले आहे : वीस मुले, दोन तराजू, त्यातला एक बंद, आणि स्वतःचा प्रबंध डोक्यावर. ही तक्रार खरी आहे. अशा वेळी सहा प्रयोगांऐवजी चारच घ्यावेत, असे मी म्हणेन. पण अभ्यासक्रम डेमॉन्स्ट्रेटरच्या हाती नाही, तो विभागप्रमुखांच्याही पूर्णपणे हाती नाही. जर्नलाचे गुण मात्र विभागाच्या हाती असतात. दहांतले तीन गुण उत्तराला न देता "माझे उत्तर असे का आले" या दोन ओळींना द्यावेत. खाडाखोड केलेले, पेन्सिलीने घाईत टिपलेले कच्चे रीडिंग त्याच तासाला डेमॉन्स्ट्रेटरने पाहून त्यावर तारीख घालावी, आणि पक्क्या जर्नलाला तेच पान टाचून घ्यावे. एवढे तर पुढच्या सोमवारच्या बॅचपासून करता येईल.