एक्स्प्लेनर : २४ गाण्यांची चोरी महाग, लाखो पुस्तकांची स्वस्त?

पायरसीचा विषय निघाला की दोन बाजू ठरलेल्या असतात. ‘चोरी ती चोरीच’ म्हणणारी एक आणि ‘एवढं महाग विकत कोण घेणार’ म्हणणारी दुसरी. या वादात एक प्रश्न मागे पडतो. कायद्याचा काटा सगळ्यांसाठी सारखा आहे का? अमेरिकेतल्या दोन प्रकरणांचा हिशेब मांडून पाहू.

२४ गाण्यांची किंमत किती?

मिनेसोटा राज्यातल्या एका महिलेवर ‘कझा’ या फाइल शेअरिंग सेवेवरून २४ गाणी शेअर केल्याचा दावा संगीत कंपन्यांनी लावला. २००७ मध्ये ज्यूरीने २ लाख २२ हजार डॉलर भरपाई ठरवली. २००९ च्या फेरसुनावणीत आकडा १९ लाख २० हजारांवर गेला. अखेर २०१२ मध्ये अपील न्यायालयाने २ लाख २२ हजार डॉलर कायम केले. म्हणजे गाण्यामागे ९,२५० डॉलर. या गाण्यांवर तिने कुठलाही धंदा उभा केला नव्हता.

आणि लाखो पुस्तकांची?

‘क्लॉड’ हे एआय बनवणाऱ्या अँथ्रॉपिक कंपनीने पायरेटेड साइट्सवरून ७० लाखांहून अधिक पुस्तकांच्या प्रती डाउनलोड केल्याचं कॅलिफोर्नियातल्या खटल्यात समोर आलं. पुस्तकांवर एआयला प्रशिक्षण देणं ‘फेअर यूज’ आहे, पण पायरेटेड प्रतींचा संग्रह करून ठेवणं त्यात बसत नाही, असं न्यायाधीशांनी जून २०२५ मध्ये सांगितलं. सप्टेंबरमध्ये कंपनीने १५० कोटी डॉलरची तडजोड केली. भरपाईसाठी पात्र पुस्तकं सुमारे पाच लाख, म्हणजे पुस्तकामागे साधारण ३ हजार डॉलर. त्याच महिन्यात कंपनीचं बाजारमूल्य १८,३०० कोटी डॉलर धरलं गेलं होतं. तडजोडीची रक्कम त्याच्या एक टक्काही नाही.

एक ज्यूरीचा निकाल, दुसरी तडजोड. त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. तरीही एक गाणं एका अख्ख्या पुस्तकाच्या तिप्पट महाग पडलं, हे खटकतंच. एकीचं आयुष्य कर्जात जाऊ शकतं, दुसऱ्यासाठी तो धंद्यातला खर्च ठरतो.

भारतात जबाबदार कोण?

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ नुसार सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात.

प्लॅटफॉर्मला मात्र आयटी कायद्याचं कलम ७९ संरक्षण देतं. मजकूर वापरकर्त्याने टाकला आणि नियमानुसार कळवल्यावर कंपनीने तो काढला, तर सहसा तिच्यावर जबाबदारी येत नाही. ही सोय हवीच, नाहीतर एकही व्हिडिओ साइट चालणार नाही. पण एक चॅनेल बंद झालं की दुसरं उघडतं आणि गर्दीचा फायदा प्लॅटफॉर्मलाच होतो. म्हणूनच २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका शिक्षिकेचं अभ्याससाहित्य फिरवणाऱ्या चॅनेलचालकांची माहिती द्यायला टेलिग्रामला सांगितलं, ते योग्यच झालं.

आपलं काय?

माध्यमंही यातून सुटत नाहीत. ई-पेपरच्या पीडीएफ टेलिग्रामवर फिरतात म्हणून ‘दैनिक जागरण’चे प्रकाशक २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि ते चॅनेल हटवण्याचा आदेश मिळवला. पण कुणा हौशी माणसाने काढलेला पुराचा व्हिडिओ ‘सौजन्य : सोशल मीडिया’ एवढी ओळ टाकून सर्रास दाखवला जातो. सौजन्य म्हणजे परवानगी नव्हे.

वाचकांनाही हे लागू आहे. मराठी पुस्तकाची आवृत्ती अनेकदा हजार प्रतींची असते. त्याची पीडीएफ एका मोठ्या ग्रुपवर पडली, तर फटका कुठल्या बड्या कंपनीला बसत नाही, लेखकाच्या मानधनाला बसतो.

पायरसीला माफी द्या, असं कुणी म्हणणार नाही. पण शिक्षा ठरवताना तीन गोष्टी आधी विचारायला हव्यात : किती कॉपी केलं, त्यातून किती कमावलं आणि आपण काय करतोय हे माहीत होतं का? ज्याची तिन्ही उत्तरं मोठी, त्याचं बिलही मोठं हवं. आज अनेकदा उलट घडतं.