गिअरबॉक्स उतरवण्याआधी

जुलै-ऑगस्टमध्ये वसई-विरारच्या कोणत्याही गॅरेजात उभे राहा, एक तक्रार हमखास कानावर येते: "मिस्त्री, गिअर पडत नाही." गाडी अल्टो असो, वॅगनआर असो की जुनी सँट्रो, शब्द तेच. त्यावर आपल्यातल्या अनेकांचे उत्तरही ठरलेले: "क्लच गेलाय, बॉक्स खाली घ्यावा लागेल." बऱ्याचदा हे उत्तर खरेच निघते. पण ते गाडीला हात लावण्याआधी दिलेले असते, आणि आमचा आक्षेप आहे तो याला. छोट्या गाडीचा बॉक्स उतरवून परत चढवायला अर्धा दिवस जातो, ग्राहकाच्या खिशाला मोठी चाट बसते, आणि नवा सेट घालूनही पहिला गिअर तसाच अडकत राहिला तर त्या ग्राहकासमोर मान वर करता येत नाही. दहा मिनिटांच्या चाचणीने ही वेळ टळते.

आधी पेडलाचे गणित पाहू. पायाखाली पेडल साधारण सव्वाशे ते दीडशे मिलिमीटर खाली जाते. तेवढ्या हालचालीतून प्रेशर प्लेट जेमतेम दीड-दोन मिलिमीटर मागे सरकते. त्यातून क्लच प्लेटच्या दोन्ही बाजूंना जी फट मिळते ती मिलिमीटरच्या काही दशांशांची. म्हणजे पेडलाच्या प्रवासातले दोन-तीन सेंटिमीटर कुठे वाया गेले, तर प्लेट पूर्ण सुटत नाही, इनपुट शाफ्ट फिरत राहतो आणि गिअर टाकताना कर्र आवाज येतो. हे सेंटिमीटर खातो कोण? ताणलेली क्लच वायर. वायरीचे टोक जिथे अडकते तिथला चिरलेला पत्रा. पेडलाच्या पिनीतला झिजलेला बुश. आणि आपण सगळ्यात शेवटी बघतो ती गोष्ट: ड्रायव्हरच्या पायाखालची जाड मॅट. पावसाळ्यात लोक एका मॅटवर दुसरी रबरी मॅट टाकतात आणि पेडल तळाला टेकतच नाही. पाना हातात घेण्याआधी मॅट बाहेर काढून पेडल दाबून पाहा.

मग इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. बंद इंजिनवर पाचही गिअर आणि रिव्हर्स सहज पडतात आणि चालू इंजिनवर अडतात, तर दोष क्लच न सुटण्याचा आहे. बंद इंजिनवरही लिव्हर अडत असेल तर क्लचला हात लावू नका. गिअरची दांडी, केबल, बुश किंवा बॉक्सचे पोट यांत शोधा. इथे नवा मुलगा एक चूक करतो. इंजिन बंद असताना दातासमोर दात आला की चांगल्या गाडीतही एखादा गिअर पडत नाही. गाडी वीतभर ढकलून पुन्हा टाकून पाहावे, मगच निष्कर्ष काढावा.

तिसरी चाचणी रिव्हर्सची. बहुतेक छोट्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे तो क्लचबद्दल खोटे बोलू शकत नाही. इंजिन आयडलवर ठेवा, न्यूट्रलमध्ये पेडल पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. पेडल दाबल्याबरोबर टाकला तर थोडा आवाज येणारच, कारण शाफ्ट अजून फिरत असतो. म्हणून थांबणे महत्त्वाचे. थांबूनही दात खाजत असतील तर प्लेट सुटत नाही, हे नक्की. आता पेडल भराभर दोन-तीनदा मारून पुन्हा टाका. एवढ्याने रिव्हर्स निमूट पडला आणि गाडी हायड्रॉलिक क्लचची असेल, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मास्टर, स्लेव्हचे रबर गेले आहे. अनेक गाड्यांत ब्रेक आणि क्लच एकाच बाटलीतले ऑइल वापरतात. ब्रेक ठीक, पॅड जाड, तरी बाटलीची पातळी उतरते, तर स्लेव्ह सिलिंडरचे रबरी बूट बाजूला करून ओल बघा. काही गाड्यांत स्लेव्ह बॉक्सच्या आतच, शाफ्टभोवती असतो. तिथे बॉक्स उतरवावाच लागतो, पण तो खात्रीने उतरवला जातो.

ही चाचणी सगळीकडे उपयोगी आहे. मग वसई-विरारचे वेगळे काय? पाणी. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा आणि वसई पूर्वेचा मोठा भाग पाण्यात होता, रूळ बुडून लोकल बंद पडल्या होत्या आणि सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये गाड्या तशाच उभ्या होत्या. तेवढे मोठे पाणी दरवर्षी येत नाही. पण आचोळे, तुळिंज, वसंत नगरी, एव्हरशाइन या भागांतल्या मिस्त्र्याला दर पावसाळ्यात बोनेटपर्यंत नाही तरी बंपरपर्यंत बुडालेली गाडी बघावी लागते. खाडीला भरती असली की साचलेले पाणी लवकर ओसरत नाही. बेल हाउसिंग काही हवाबंद डबा नसतो. पाणी आत जाते, गाडी आठवडाभर हलत नाही, आणि फ्लायव्हील व प्रेशर प्लेटच्या बिडाला गंज धरून क्लच प्लेट त्यांना चिकटते. ग्राहक सांगतो, "परवापर्यंत व्यवस्थित होती." ती होतीच. अशा गाडीचा सेट झिजलेला नसतो, नुसता चिकटलेला असतो.

तिच्याकडे जाताना आधी एअर फिल्टरमध्ये पाणी गेले आहे का ते पाहा. गेले असेल तर स्टार्टर मारू नका, कनेक्टिंग रॉड वाकेल. फिल्टर कोरडा आणि इंजिन ठीक असेल तर ते चांगले गरम होऊ द्या, बंद करा, गाडी मोकळ्या मैदानात न्या, पेडल दाबून ठेवून दुसऱ्या गिअरमध्ये स्टार्टरवर उचला आणि ॲक्सिलरेटर दाबत-सोडत झटके द्या. पुष्कळदा प्लेट सुटते. समोर भिंत, माणूस किंवा दुसरी गाडी असेल तर हा प्रयोग करू नये, आणि गल्लीतल्या गॅरेजात तर अजिबातच नाही. प्लेट सुटली तरी गिअर ऑइलचा एक थेंब बोटावर घ्या. ब्रीदरमधून पाणी शिरले असेल तर ऑइल दुधट दिसते. ते त्याच दिवशी बदलले नाही, तर पुढच्या काही महिन्यांत बेअरिंग बोलू लागतात आणि तेव्हा दोष कुणाचा यावर वाद होतो.

किनाऱ्यालगतच्या गाड्यांची गोष्ट थोडी निराळी. अर्नाळा, कळंब, राजोडीकडच्या खाऱ्या हवेत क्लच वायर आतून गंजते आणि फोर्कच्या शाफ्टचा बुश कोरडा पडतो. पेडल हळूहळू जड होते, इतके हळू की मालकाला कळतही नाही. दुसऱ्या कुणी चालवली तर तो सांगतो. जड पेडल म्हणजे प्रेशर प्लेट खराब, असे धरून चालू नका. वायर दोन्ही टोकांनी सोडा आणि हाताने ओढून पाहा. वायर खरखरत असेल तर ती बदला. वायर मोकळी असेल तर बाहेरून लिव्हर हलवून पाहा. या दोन्हींनंतर उरलेला जडपणा प्रेशर प्लेटचा.

क्लच घसरण्यावर फार लिहायला नको, ती लक्षणे सगळ्यांना पाठ आहेत: चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगावर पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की इंजिन ओरडते आणि गाडी तिथेच राहते. एवढेच लक्षात ठेवावे की वायरीच्या गाडीत प्लेट झिजत गेली की पेडलाचा प्ले कमी होत जातो. प्ले संपला की रिलीज बेअरिंग कायम दाबलेले राहते आणि चांगली प्लेटही घसरू लागते. म्हणून घसरणाऱ्या गाडीत पहिले काम प्ले मोजण्याचे, आणि आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला घ्यावा, अंदाजाचा नव्हे.

आपल्या भागात प्लेट लवकर का जाते, हे ग्राहकाला सांगण्याचे कामही आपलेच. २०२४ मध्ये राष्ट्रीय महामार्ग ४८ वर काँक्रिटचा थर चढत होता, तेव्हा चिंचोटी ते वर्सोवा पुलापर्यंतच्या रांगा इथल्या प्रत्येक ड्रायव्हरने सोसल्या आहेत. ठाण्याला जाणाऱ्याला पुढे गायमुखचा चढ. रांग एक गाडी सरकते, पुन्हा थांबते, आणि ड्रायव्हर हँडब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी चढावर तोलून धरतो. त्यात सी.एन.जी.वर इंजिनाचा जोर थोडा कमी पडतो, म्हणून उचलताना क्लच आणखी घासला जातो. रिक्षा आणि टॅक्सी सोडल्या तर इतके सोसणारी दुसरी गाडी नाही. सेट बदलून किल्ली देताना दोन मिनिटे काढून हे समजावले तर तोच सेट जास्त चालतो. काही जणांना यात धंद्याचे नुकसान दिसते. आम्हाला तसे वाटत नाही. ज्याचा क्लच टिकतो तो ब्रेक, सस्पेन्शन आणि सर्व्हिसिंगसाठी आपल्याकडेच येतो.

आता गिअरच्या बाजूचे दोष. जुन्या ८०० आणि अल्टोत लिव्हरपासून बॉक्सपर्यंत दांडी जाते, नंतरच्या गाड्यांत दोन केबल जातात. दांडीचे प्लॅस्टिक बुश झिजले की लिव्हर भांड्यात चमचा फिरावा तशी फिरते आणि पहिल्याऐवजी तिसरा पडतो. इंजिन माउंटिंग तुटले तरी हेच होते, कारण इंजिन बॉडीच्या तुलनेत सरकते आणि दांडीची जागा चुकते. एकाने ब्रेक दाबून क्लच किंचित सोडावा, दुसऱ्याने बोनेट उघडून बाजूला उभे राहून इंजिन किती उचलते ते पाहावे. एकच गिअर कर्रकरत असेल आणि बाकीचे सुरळीत असतील तर त्या गिअरची सिंक्रो रिंग गेली. क्लचचा दोष एका गिअरपुरता राहत नाही. गिअर उडून न्यूट्रलला येत असेल तर आधी माउंटिंग आणि जोडणी, मगच आतली फोर्क, स्प्रिंग-बॉल आणि दात.

ऑइलकडे मात्र आपल्या व्यवसायात फारच दुर्लक्ष होते. डब्यावर 'गिअर ऑइल' लिहिले आहे म्हणून मागच्या ॲक्सलचे घट्ट ऑइल छोट्या गाडीच्या बॉक्समध्ये ओतले जाते. पितळी सिंक्रो रिंगला घर्षण लागते. चुकीच्या ऑइलवर ती घसरते, आणि काही ऑइलमधली गंधकयुक्त रसायने पितळ खातात. कंपनीने जी.एल.-४ सांगितले असेल तर जी.एल.-५ चढ्या दर्जाचे म्हणून घालू नये. सकाळी पहिले काही किलोमीटर दुसरा गिअर कडक आणि नंतर मऊ, ही तक्रार बॉक्स न उघडता केवळ योग्य ऑइलने गेलेली आम्ही पाहिली आहे.

२०१४ मध्ये सेलेरिओबरोबर छोट्या गाडीत ए.एम.टी. आली, आणि त्या गाड्या आता कंपनीच्या वर्कशॉपमधून आपल्या दारात येऊ लागल्या आहेत. यात क्लचचे पेडल नाही, क्लच मात्र तोच, कोरड्या एका प्लेटचा. पाय करीत असे ते काम ॲक्चुएटर करतो. नवा सेट बसवून स्कॅनरने क्लचचा बिंदू शिकवला नाही तर गाडी झटके देते किंवा जागची हलत नाही, आणि दोष नव्या सेटवर येतो. स्कॅनर नसेल तर हे काम हाती घेऊ नये, किंवा स्कॅनर असलेल्या शेजाऱ्याशी आधी बोलून घ्यावे. त्यात कमीपणा नाही. स्टिअरिंगवरच्या गिअरच्या पद्मिनी टॅक्सीवर हात बसवलेले मिस्त्री अजून आपल्यात आहेत. त्यांनीही कार्ब्युरेटरनंतर इंजेक्शन शिकून घेतलेच.

बॉक्स उतरवायचा ठरला की घाई करू नका. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्र बदला. क्रँकचे मागचे सील आणि इनपुट शाफ्टचे सील ओले असेल तर आत्ताच बदला, नाहीतर नव्या प्लेटवर ऑइल येऊन गाडी उचलताना थरथरेल. स्प्लाइनवर ग्रीस नखावर मावेल इतकेच. आणि बॉक्स चढवताना त्याचे वजन प्लेटच्या स्प्लाइनवर लोंबकळू देऊ नका; प्लेट तिथेच वाकते आणि पहिल्याच दिवशी रिव्हर्स कर्रकरतो.

आमची मागणी एवढीच की जॉब कार्डावर 'क्लच काम' असे दोन शब्द लिहून थांबू नका. तक्रार, केलेली चाचणी, चाचणीत काय दिसले आणि उघडल्यावर काय निघाले, या चार ओळी लिहा. काढलेले जुने भाग ग्राहकाच्या हातात द्या. ज्या गाडीत चाचणी एक बोलली आणि आत दुसरेच निघाले, तिची नोंद आम्हाला हवी आहे. मॉडेल, किलोमीटर, लक्षण आणि सापडलेला दोष एवढे पाठवा. मालकाचे नाव आणि गाडीचा नंबर नको. आलेल्या नोंदी दिवाळी अंकात छापू.