आवाज येतोय का? ओव्हर!

ऑफिसच्या लॉबीतल्या सिक्युरिटी गार्डच्या कमरेला एक काळा डबा लटकलेला असतो. वॉकी-टॉकी. आपण त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, कारण आपलं सगळं जग मोबाइलमध्ये! पण समजा, इमारतीत आग लागली, लाइट गेली, मोबाइलचं नेटवर्क जॅम झालं. मग 'चौदाव्या मजल्यावर माणसं अडकलीयत' हे खाली कळवणार कोण? तोच डबा. त्याला टॉवर लागत नाही, सेटवरून थेट सेटवर बोलता येतं. फक्त बॅटरीत जीव हवा.

गेल्या महिन्यात लोअर परळच्या एका चकाचक टॉवरमधलं मॉक ड्रिल बघितलं. सायरन वाजला, पब्लिक गप्पा मारत जिना उतरायला लागलं आणि वरच्या मजल्यावरच्या गार्डचा सेट 'टूंऽ' करून बंद! सुपरवायझरने सगळ्यांसमोर त्याची खरडपट्टी काढली. नंतर त्याला गाठलं, तर म्हणाला, "मॅडम, सेटला बॅटरी एकच. दिवसपाळीवाला मला देतो, मी सकाळी त्याला. चार्जिंगला लावायची कधी?"

पॉइंट आहे, बॉस!

त्यात 'बॅटरी इतके तास चालते' या दाव्यामागेही एक फंडा आहे. तो हिशेब बहुतेक वेळा ५-५-९०चा असतो. म्हणजे ५ टक्के वेळ बोलणं, ५ टक्के ऐकणं आणि ९० टक्के नुसतं स्टँडबाय. बोलताना सेट सगळ्यात जास्त करंट खातो. त्यामुळे ज्या दिवशी खरंच धावपळ असते, त्याच दिवशी बॅटरी लवकर मान टाकते.

दुसरा घोळ जुन्या सल्ल्याचा. 'पूर्ण उतरू दे, मगच चार्ज कर.' हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला. त्या बॅटऱ्या सतत अर्धवट वापरून चार्ज केल्या, की त्यांना 'मेमरी'चा आजार व्हायचा आणि त्या लवकर ढेपाळायच्या. आता बऱ्याच सेटमध्ये लिथियम-आयन असते. तिला ही भानगड नाही. उलट दर वेळी तळ गाठला, तर तिचं आयुष्य घटतं. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास मिळाला, तरी बिनधास्त चार्जरला लावा. तुमची बॅटरी कुठली, ते तिच्या लेबलवरच छापलेलं असतं.

आता थोडा मेंटेनन्स. चार्जिंगला लावताना सेट बंद ठेवा. चालू सेट एकीकडे करंट खात राहतो आणि बॅटरी भरली की नाही, हे ओळखताना चार्जरची गफलत होऊ शकते. चार्जर त्याच बॅटरीसाठीचा हवा, 'पिन बसते ना' हा निकष नाही. उन्हात तापलेल्या गाडीत सेट ठेवू नका आणि गरम बॅटरी आधी निवू द्या, मग लावा. ४५ अंशांच्या वर लिथियम-आयन चार्ज करू नये, हा साधारण नियम. धातूचे पॉइंट्स अधूनमधून कोरड्या सुती कापडाने पुसा. तुमच्या ट्रेकिंग ग्रुपचे सेट पुढच्या सीझनपर्यंत कपाटात जाणार असतील, तर लिथियम-आयन बॅटरी साधारण अर्धी चार्ज करून, सेटपासून वेगळी काढून थंड, कोरड्या जागी ठेवा.

आणि हो, नवी बॅटरी आली, की मार्करने तिच्यावर तारीख टाका. साधारण ३०० ते ५०० वेळा चार्ज झाल्यावर तिचा दम कमी व्हायला लागतो. मग पूर्ण चार्ज करूनही शिफ्टभर टिकत नसेल, तर तो गार्डचा आळस नाही, बॅटरीचं वय आहे. फुगलेली बॅटरी तर त्याच क्षणी वापरातून बाद. ती ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायची.

पण एवढं सगळं करूनही एका बॅटरीत दोन पाळ्या निघत नाहीत. एक सेटवर, एक चार्जरवर, असा साधा हिशेब हवा. ती दुसरी बॅटरी गार्डने आणायची नसते, बिल्डिंगने आणायची असते. पुढच्या मॉक ड्रिलआधी तुमच्या अॅडमिनला एका ओळीचा मेल टाका, 'प्रत्येक सेटला स्पेअर बॅटरी आहे का?' जिन्यात अडकलो, तर आपणच अडकणार आहोत!

वॉकी-टॉकीवर 'ओव्हर' म्हणजे 'माझं बोलून झालं, आता तुम्ही बोला.'

ओव्हर!