चेहऱ्याचा रंग कोण ठरवितो?

माजरीच्या खुल्या कोळसा खाणीतून पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या कामगाराचे छायाचित्र आज कोणाच्याही खिशातील फोनवर निघते. पुष्कळदा त्यात चेहरा काळवंडून नाकडोळे हरवलेले असतात, नाहीतर तो अकारण पिठूळ झालेला असतो. दोष यंत्राचा, असे म्हणून आपण मोकळे होतो. वस्तुतः यंत्राला स्वतःचे मत नसते. ते मत कॅमेऱ्यातील प्रतिमेवर संस्कार करणाऱ्या अभियंत्याचे असते.

कोडॅकचे ब्राइस बायर यांच्या ज्या रंगजाळीला १९७६ मध्ये पेटंट मिळाले, ती वा तिचीच रूपे आज बहुतेक कॅमेऱ्यांत आहेत. तीत प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवा व निळा यांपैकी एकच रंग मोजला जातो. उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अजमासाने काढतात. म्हणजे चित्रातील दोन तृतीयांश रंग हे अनुमानच! पुढे पांढरे कशाला म्हणायचे, सावली किती उजळायची, कातडीवरील सुरकुत्या किती पुसायच्या, हे सारे कोणीतरी बसून ठरवितो. दृश्य सरासरीने करडे असते असे गृहीत धरणारा प्रकाशमापक तर कोळशालाही राखेचा रंग देतो.

या गृहीतकांना इतिहास आहे. फिल्मच्या काळात छपाईचे रंग जुळविण्यासाठी कोडॅक प्रयोगशाळांना गोऱ्या स्त्रीचे चित्र असलेले 'शर्ली कार्ड' पुरवीत असे. सावळ्या माणसांची अडचण जुनीच होती. पण तपकिरी छटा सुधारण्याकडे लक्ष गेले ते चॉकलेट आणि लाकडी सामान यांच्या उत्पादकांनी तक्रार केल्यावर, असे कोडॅकमधील जाणत्यांनीच पुढे सांगितले. अर्थशास्त्रात याला प्रभावी मागणी म्हणतात. बाजाराला गाऱ्हाणे ऐकू येते ते गिऱ्हाइकाचे. गुगलने आपल्या फोनमध्ये सावळ्या वर्णासाठी खास जुळणी केली, तीही २०२१ मध्ये.

लोकांनाच गोरेपण हवे असते, असा युक्तिवाद होईल. त्यात तथ्य आहे. आपल्या विवाहविषयक जाहिराती त्याला साक्ष आहेत. पण ज्याला उजळपणा हवा त्याने तो मागून घ्यावा. न मागता तो सर्वांच्या चेहऱ्यावर का थापावा?

या क्षेत्रात आपली माणसे नाहीत असेही नाही. नाशिकचे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले रमेश रास्कर यांनी हलत्या वस्तूचे चित्र पुसट होऊ नये म्हणून झडप सांकेतिक क्रमाने उघडझाप करण्याची युक्ती २००६ मध्ये सहकाऱ्यांसह मांडली. बंगळूर, हैदराबादेत कॅमेऱ्यांची जुळणी करणाऱ्या तरुणांत मराठी मुलेही आहेत. पण त्यांच्यापुढे चाचणीसाठी कोणाचे चेहरे ठेवले जातात?

चंद्रपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाने हे काम अंगावर घ्यावे. पाळी सुटताना खाणीच्या फाटकाशी, भर उन्हात, ताडोबाच्या दाट सावलीत, कंदिलाच्या उजेडात, त्या त्या माणसांची संमती घेऊन चित्रे घ्यावीत. कोणता चेहरा खरा उतरला हे त्यांनाच विचारावे आणि तो संग्रह कंपन्यांपुढे ठेवावा. त्याला मोठे भांडवल लागत नाही. चार-दोन फोन आणि एका सत्राची मेहनत पुरेल.