डोंगरातील दोन तळी

सहल म्हटली की आपल्याकडे वेरूळ, अजिंठा, फारच झाले तर महाबळेश्वर. वेण्णा तलावातील नौकाविहाराचे वर्णन मग वर्षभर पुरते. त्याला माझी हरकत नाही. परंतु घाटनांदूरहून पायी जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशी तळी आपल्या बालाघाटातही आहेत, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मलाही परवापर्यंत नव्हते.

कोजागरीच्या आदल्या दिवशी आम्ही चार मैत्रिणी निघालो. वाट दाखवायला माझी सत्तरी ओलांडलेली आजी! तरवड पिवळाधमक फुलला होता. कुसळांनी आमच्या ओढण्या भरून गेल्या; आजीने लुगडे वर खोचलेले, ती निर्धास्त. सीताफळांचे डोळे उघडले होते. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे मी स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात वाचले होते. झाडावरून फळ मात्र त्या दिवशी प्रथमच तोडले.

पहिले तळे लागले ते गढूळ, तांबूस. वरचा डोंगर उघडाबोडका, मुरमासाठी पोखरलेला. तासाभराच्या चढानंतर दुसरे आले. त्याच्या माथ्यावर पळस, धावडा, सीताफळ यांची दाट झाडी, आणि काठाचे पाणी असे नितळ की खडे मोजावेत. दोन्ही पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळातील. आजी तेव्हा नुकतीच नांदायला आलेली. बांधावर बसून ती म्हणाली, "ह्या बांधावर म्याबी पाट्या टाकल्यात, माय. मिलोची लाल भाकर अन् सुकडी खाऊन." मी इतकी वर्षे तिच्याच घरात राहते, पण हे कधी विचारले नव्हते.

पाझर तलावाला कालवा नसतो. अडवलेले पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या विहिरींना येते. गाळ बसला की मुरणे थांबते, पाणी उन्हातच उडून जाते. २०१७ साली सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आणली. चांगलेच झाले. पण वरचा डोंगर बोडका राहिला तर काढलेला गाळ चार पावसाळ्यांत परत येणारच. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा आपण प्राथमिक शाळेत होतो. ज्यांना ते आठवते त्यांनी नुसत्या तळ्याकडे न पाहता त्याच्या माथ्याकडे पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल, शेळ्या बंद करा. ज्यांच्या शेळ्या आहेत त्यांना दुसरे आहे तरी काय? मुरूम उपसणाऱ्या यंत्रांना आधी विचारा! आजीचे म्हणणे साधे आहे: एक अंग राखावे, दुसऱ्या अंगाला चारावे, दोन-तीन सालांनी बदलावे. झाडे लावायचीही गरज नाही, तोडली नाहीत तर ती आपोआप येतात.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, फेऱ्या काढतो, घोषणा देतो. यंदा ते सात दिवस पहिल्या तळ्याच्या माथ्यावर दगडी बांध घालण्यात जावेत. दगड तिथेच पडलेले आहेत. प्राध्यापकांनीही पाट्या उचलाव्यात. रचाई कशी करायची ते दाखवायला आजी यायला तयार आहे, मी विचारून ठेवले आहे. शिबिराचे गाव अजून ठरलेले नाही, असे कळते.